बहात्तरातला एक

एका रोलमध्ये छत्तीस फोटो, हे लहानपणी आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. रोल भरताना सुरुवातीची फिल्म जपून वापरली तर सदतिसावाही निघायचा. अडतिसावा निघाला तर वडील ते आठवडाभर येईल-जाईल त्याला सांगायचे, भाजीवाल्याने कोथिंबिरीबरोबर मिरच्याही फुकट दिल्यासारखं. त्यामुळे चार वर्षांपूर्वी आत्याने एक चिमुकला कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि "ह्यात बहात्तर निघतात हो," असं म्हणाली, तेव्हा मी मनात म्हटलं, वय झालं आत्याचं.

वय झालं होतंच. हिशेब मात्र बरोबर होता.

कॅमेरा तिच्या यजमानांचा. आम्ही सगळी भावंडं त्यांना काका म्हणायचो. काका बोटीवर होते. गुहागरच्या बाजूला आमच्या गावात तेव्हा दर दोन-तीन घरांआड कुणीतरी बोटीवर असायचंच. १९७१ साली कोबे बंदरात त्यांनी हा कॅमेरा घेतला. ऑलिम्पस पेन ईई-टू. मुठीत मावेल एवढा, पण उचलला की जाणवतं, आत पोकळ काही नाही. चामड्याचं कव्हर, त्याला आतून लाल मखमल. भिंगाच्या भोवती काचेची जाडसर कडी आणि तिच्यावर बारीक फुगीर दाणे, माशीच्या डोळ्यासारखे. काका गेल्यावर तो कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होता. "इथल्या दमटात बुरशी खाईल त्याला, तू ने," आत्या म्हणाली. बुरशीने जेवायला कधीच सुरुवात केली होती. भिंग उजेडाकडे धरलं तर आत पांढरे धागे दिसत होते, कोळ्याने सवडीने विणल्यासारखे.

फोर्टातल्या बोरा बाजारात अजून कॅमेरे दुरुस्त करणारी माणसं आहेत. मी गेले ते दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा आणि बसलेले गृहस्थ. त्यांनी कव्हर काढलं, कॅमेरा खिडकीकडे वळवला, पुन्हा टेबलाकडे वळवला, बटण दाबून कान लावला आणि म्हणाले, "सेल जिवंत आहे. कव्हरात राहिला म्हणून. शोकेसमध्ये ठेवलेले मरतात."

मला वाटलं बॅटरीबद्दल बोलतायत. ह्या कॅमेऱ्यात बॅटरीच नाही. भिंगाभोवतीची ती दाणेदार कडी म्हणजे सेलेनियमचा सेल. उजेड पडला की त्यात बारीकसा वीजप्रवाह तयार होतो, त्याने आतली सुई हलते, आणि आपण बटण दाबलं की ती सुई आहे तिथे चिमटीत पकडली जाते. सुई जिथे अडकली त्यावरून भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरतं. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा भाग आणि दोनशेवा भाग, आणि त्यातला कुठला ते कॅमेरा स्वतः निवडतो. उजेड फारच कमी असेल तर बघायच्या खिडकीत खालून एक तांबडी पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. विनवण्या करा, दाबून बघा, नाही म्हणजे नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र आपल्याला सांगतं, बाई, हा फोटो येणार नाही, कशाला फिल्म घालवतेस. माझ्या फोनने मला आजवर एकदाही असं सांगितलेलं नाही.

आठ दिवसांनी कॅमेरा मिळाला. बुरशी गेली होती. एका कडेला तिचा फिकट डाग राहिला, तो फोटोत दिसत नाही.

आता बहात्तरचा हिशेब. हा कॅमेरा फिल्मची अर्धीच चौकट वापरतो. नेहमीच्या ३५ एमएम कॅमेऱ्यात एक फोटो २४ बाय ३६ मिलिमीटरचा असतो, ह्यात १८ बाय २४चा. म्हणून सगळे त्याला 'हाफ फ्रेम' म्हणतात. हे नाव मला आता थोडं अन्यायाचं वाटतं, कारण मुळात ही अर्धी चौकट हीच पूर्ण चौकट होती. ३५ एमएमची फिल्म जन्माला आली ती सिनेमासाठी, आणि मूकपटांच्या काळात तिच्यावरची एक चौकट १८ बाय २४चीच असे, दोन्ही कडांना चार-चार भोकं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप होईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. ती चौकट ह्याच मापाची. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं कामही घरातच चालायचं आणि ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. माझ्या कॅमेऱ्याच्या दातेरी चाकात ती भोकं अडकताना मला कधी कधी त्यांची आठवण येते. सगळं घर झोपल्यावर अंधारात बसून एका सरळ रेषेत भोकं पाडणारी बाई. फोटोग्राफीच्या इतिहासात हे काम कुठल्या रकान्यात मोडतं कोण जाणे.

जर्मनीत वेट्झलारच्या लायट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकने त्याच सुमाराला ह्या सिनेमाच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी ठेवून एक केली. १९२५ साली तो कॅमेरा लायका म्हणून बाजारात आला आणि बार्नाकची दुप्पट चौकट जगाने 'पूर्ण' मानली. पुढे तिचीच सवय झाली, आणि मूळ माप अर्धं ठरलं.

त्या मापाला पुन्हा मान दिला तो योशिहिसा माइतानी ह्या जपानी तरुणाने. १९५६ साली तो ऑलिम्पसमध्ये लागला आणि त्याने ठरवलं की कॅमेरा सहा हजार येनला विकता आला पाहिजे. कंपनीचे बाकीचे कॅमेरे तेव्हा ह्याच्या कितीतरी पट किमतीचे होते. स्वस्त करायचा म्हणजे आपण काय करू? भिंग हलकं वापरू, बाहेरून चकचकीत ठेवू. त्याने उलट केलं. पैसा आधी भिंगावर घातला आणि उरलेल्यात बाकीचा कॅमेरा बसवला. फिल्म पुढे सरकवायचा खटका महाग पडत होता, म्हणून तो काढूनच टाकला आणि पाठीला एक दातेरी चाक ठेवलं, अंगठ्याने फिरवायचं. १९५९ साली पहिला पेन निघाला, आणि खरोखर सहा हजार येनला. पेनसारखा खिशात राहील म्हणून पेन. एका रोलमध्ये दुप्पट फोटो, म्हणजे फिल्मचा खर्च निम्मा.

ही माणसं आणि आमचे वडील एकाच जातकुळीचे, असं मला ते वाचल्यापासून वाटतं. काटकसर करायची, पण जिथे करायची नाही तिथे नाही.

अंगठ्याने ते चाक फिरवताना करकर असा आवाज येतो, घड्याळाला चावी दिल्यासारखा, आणि चौकट पुढे सरकली की चाक आपोआप अडतं. ते अडणं मला फार आवडतं. पहिला रोल भरला तेव्हा मात्र मी आवाजावरच भुलले. करकर होत होती, आकडा पुढे जात होता, मी खूश. गावात पालखीचे फोटो काढले, आत्याचे काढले, परसातल्या फणसाचे काढले. बहात्तर झाले, पंचाहत्तर झाले, ऐंशी झाले, रोल संपेचना. मला वाटलं, काय भाग्य! मागचं झाकण उघडलं तर फिल्मची जीभ पहिल्या वेढ्यातच सुटून आली होती आणि आख्खा रोल डबीत जसाच्या तसा बसला होता, कोरा. पालखीच्या वेळी मी नुसतीच तासभर करकर करत उभी होते. नंतर बोरा बाजारातल्या काकांनी शिकवलं. चाक फिरवताना वरची रोल गुंडाळायची कळ पण फिरते का ते बघायचं. ती फिरत नसेल तर आत काही चाललेलं नाही. एवढं साधं, आणि हे माझ्या वडिलांना नक्की माहीत असणार, कारण आमच्या घरात रोल भरायला दुसऱ्या कुणाला परवानगीच नव्हती.

आता ह्या छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हा बरे दिवस आलेत. २०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला तेव्हा फिल्मचं श्राद्ध घालून झालं असं सगळ्यांनी धरलं होतं. पण २०१८ साली कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म पुन्हा आणली, २०२२ साली लायकाने एम-सिक्स हा आपला जुना फिल्म कॅमेरा पुन्हा बनवायला घेतला. माझ्या दृष्टीने खरी बातमी मात्र २०२४च्या जूनमधली. पेंटॅक्सने पेंटॅक्स १७ नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला आणि तो हाफ फ्रेम काढला. चौकट १७ बाय २४ मिलिमीटर, म्हणून नाव १७. फिल्म सरकवायला हाताचा खटका. खटक्यासारखी गोष्ट कशी बनवायची हे कंपनीतली नवी मंडळी विसरली होती, म्हणून निवृत्त झालेल्या अभियंत्यांना विचारावं लागलं. हे वाचून मला आमच्याकडे उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला शेवटी आत्यालाच फोन लावतात ते आठवलं.

हाफ फ्रेमच का, ह्याचं एक उत्तर कंपनीनेच दिलं होतं. ह्या कॅमेऱ्यात फोटो उभा येतो, आणि फोनच्या पडद्यावर आपण सगळं उभंच बघतो. पटण्यासारखं आहे. पण दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि ते १९५९चंच आहे. फिल्म महाग आहे. आज एक रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन असं सगळं धरून मला दीड हजाराच्या आसपास पडतं. छत्तीसने भागा आणि मग बहात्तरने भागा. चाळीस-बेचाळीस रुपयांचा फोटो एकविसावर येतो. त्यात माझी छाती थोडी मोकळी होते.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण फिल्मबद्दल बोलताना हल्ली फार साधुसंतांची भाषा येते. फिल्म तुम्हाला थांबायला शिकवते, क्षणात जगायला शिकवते वगैरे. मला तरी फिल्मने एवढंच शिकवलं की पैसे जातायत. आणि माझं म्हणणं असं की शिकवायला तेवढं पुरतं. नव्वदच्या दशकात आमच्या घरी एक रोल गणपतीत भरला जायचा आणि दिवाळीनंतर, कधी कधी भावाच्या जानेवारीतल्या वाढदिवसाला संपायचा. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा कायदा. 'अजून सात उरलेत' म्हणून भाऊबीजेला आम्हाला ओळीत उभं केलेलं मला आठवतं. कुणी त्याला सजगता म्हटलं नाही. पण त्या सातांसाठी वडील आम्हाला ज्या बारकाईने बघायचे, कुणाची कॉलर मुडपलीय, कोण उन्हात डोळे बारीक करतंय, तसं त्यांनी एरवी कधी बघितल्याचं आठवत नाही.

गंमत म्हणजे हे आता डिजिटलवाल्यांनाही कळलंय. २०२५ साली फुजीफिल्मने एक्स हाफ नावाचा डिजिटल कॅमेरा काढला. त्यात एक सोय अशी की छत्तीस, चोपन्न किंवा बहात्तर फोटो ठरवून घ्यायचे, आणि तेवढे काढून होईपर्यंत एकही बघता येत नाही. प्रत्येक फोटोनंतर खटका ओढायचा. म्हणजे कार्डात हजारो फोटोंची जागा असताना मोजून बहात्तर. उपास सोडायला घरात श्रीखंड आहे हे माहीत असताना केलेली एकादशी. मी हसले, पण फार वेळ नाही. शेवटी बॅटरी नसलेला कॅमेरा घेऊन, फिल्म धुऊन, ती स्कॅन करून फोनवरच बघणारी मीही त्याच पंगतीत बसलेय.

माझे रोल पुण्यातला एक पंचविशीतला मुलगा धुतो. घरातल्या न्हाणीघराची त्याने डार्करूम केलीय. रंगीत फिल्मच्या रसायनाचं तापमान ३७.८ अंश लागतं, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं, त्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी रंग बिघडतात. तो ते पाणी मासे पाळण्याची आवड असलेल्या माणसाच्या काळजीने सांभाळतो. त्याच्याकडे सिनेमाची फिल्मही मिळते. मोठ्या रिळातून कापून त्याने स्वतः डब्यांत भरलेली. ती थोडी स्वस्त पडते, पण तिच्या पाठीला काजळीसारखी काळी परत असते, ती सोड्याच्या पाण्यात हाताने चोळून काढावी लागते. "ताई, तुमची हाफ फ्रेम म्हणजे सिनेमाचीच फ्रेम, फक्त उभी," असं त्यानेच मला पहिल्यांदा सांगितलं. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, 'इंदू' नावाची काळी-पांढरी फिल्म बनवायचा, हे मी त्याला सांगितलं तर त्याने दोन्ही हात कानाला लावले. माझ्या वडिलांच्या कपाटातली इंदूची एक रिकामी डबी मी त्याला दिली. ती आता त्याच्या टेबलावर असते, त्यात तो कात्रीची टोकं झाकायची टोपणं ठेवतो.

त्याचा स्कॅनर पूर्ण चौकटीचा आहे. त्यामुळे माझे फोटो दोन-दोन मिळूनच येतात, मध्ये काळी रेघ. पहिल्यांदा मी म्हटलं, वेगवेगळे करून दे. तो म्हणाला, "आधी असेच बघा." बघितले, आणि तेव्हापासून कापायला सांगितलेलं नाही. डावीकडे आईचे हात कढीपत्ता खुडताना, उजवीकडे नळाखाली उपडी घातलेली बादली. डावीकडे ठाणे स्टेशनचा जिना, माणसांनी भरलेला. उजवीकडे दोन दिवसांनंतरचा आमच्याच इमारतीचा जिना, त्यावर एक मांजर. ह्या जोड्या मी लावलेल्या नाहीत. एक काढला आणि मग पुढचा काढला, एवढंच. पण शेजारी बसल्यावर ते एकमेकांशी बोलायला लागतात, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं बोलतात तसं. फोनमधले फोटो कधी शेजारी नसतात. ते रांगेत असतात, आणि मधले चारशे आपण अंगठ्याने उडवून देतो.

गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आत्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून दिला. "ह्यांच्या काचा आहेत बघ," ती निगेटिव्हना काचाच म्हणते. बटर पेपरच्या पाकिटांत कापलेल्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या. एकेका पट्टीवर बारा फोटो. बहुतेक सगळे कधी छापलेच गेले नव्हते. इथे काकांचा हिशेब फसला होता. फिल्म निम्म्या खर्चात झाली, पण प्रिंट तर बहात्तरच्या बहात्तर काढायच्या, आणि त्याचे पैसे बहात्तरचेच. स्टुडिओवाला ह्या बारीक काचांना वैतागायचा. काका त्यातले चार-पाच छापून आणायचे आणि बाकीचं नंतर बघू म्हणायचे.

पुण्याच्या मुलाने त्या स्कॅन केल्या. बंदरं, क्रेन, डेकवर वाळत घातलेले बनियन, कुणीतरी केक कापतंय, आणि मध्येच आमचं गाव. रोल बोटीवरून घरी यायचा आणि अर्धवट भरलेला तसाच पुन्हा बोटीवर जायचा. फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच छापलेले आकडे असतात, १४, मग १४-ए, मग १५. नेहमीच्या कॅमेऱ्याला ह्या 'ए'चा उपयोग नाही, हाफ फ्रेममध्ये मात्र प्रत्येक फोटोच्या वाट्याला साधारण एक आकडा येतो. एका पट्टीवर १४च्या वर आत्या आहे, घराच्या पायरीवर, तिशीच्या आतली, हात खांद्याशी गेलेला आणि हललेला. १४-एच्या वर बोटीचा कठडा, एक दोरखंड आणि समुद्र. उभी चौकट, त्यामुळे समुद्र थोडा आणि आभाळच फार. दोन्हींच्या मधली रेघ काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक आहे.

मी ती जोडी फोनवर मोठी करून आत्याला दाखवली. तिने चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला. समुद्राकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"हा मागल्या दाराचा नव्हे, पुढल्या दाराचा," ती म्हणाली. "मी आत उंबऱ्यात उभी होते. तर हे म्हणाले, तांबडं दिसतंय, पुढे ये. एक पायरी उतरले. पुन्हा म्हणाले, तांबडं दिसतंय, अजून ये. तिकडे एसटी आलेली, कंडक्टर घंटी देतोय. मी म्हटलं, थांबा जरा, पदर तरी नीट घेते. तेवढ्यात दाबलंनी."

तिने फोन माझ्याकडे परत दिला.

"बघ, हललाय. एक फुकट घालवला."